पदवीचाही उत्पादनखर्च मांडा



कापसाचा उत्पादनखर्च मांडायला आपण शिकलो. नांगरट, बियाणे, खत, फवारणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी धरून क्विंटलला किती पडले आणि हाती किती आले, हे आता गावातले पोरही सांगते. त्याच पोराला शहरात शिकायला धाडताना मात्र हिशेबाची वही कपाटात जाते. शिक्षणाचा कसला हिशेब, असे म्हणतात. आमचे म्हणणे, करायचा. कर्ज काढणार असाल तर दोनदा करायचा.

डॉक्टरकी-इंजिनिअरिंगचे आज बाजूला ठेवू. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींचे बोलू. यांची बी.ए. जवळच्या अनुदानित कॉलेजात काही हजारांत होते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून तर शेती सांभाळूनही होते. कर्ज येते ते पुढे, एम.ए. साठी मोठ्या शहरात गेल्यावर, नाहीतर खाजगी विद्यापीठाच्या गुळगुळीत माहितीपुस्तकाला भुलल्यावर.

धरा, दोन वर्षांच्या एम.ए. ला दरवर्षी दोन लाख, असे चार लाख कर्ज काढले. व्याज 11 टक्के. शिकताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, म्हणून घरात सगळे निवांत. पण व्याज निवांत नसते. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे 66 हजार, दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे 44 हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा चार लाखांचे पाच लाख दहा हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे सात हजार, एकूण आठ लाख चाळीस हजारांच्या वर. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 8,110 रुपये. त्या भावाने हा 104 क्विंटल कापूस झाला. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर पाच एकरवाल्याचा पाच वर्षांचा सगळा कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर!

आणि पदवीला भाव काय? एखाद्या संस्थेत प्रकल्प आहे तोवर नोकरी. सेट-नेट पास होऊनही कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे आणि सुट्टीत काही नाही. मुलाला महिना अठरा हजार मिळाले, तर सात हजार बँकेचे. उरल्या अकरा हजारांत शहरातली खोली आणि खाणावळ भागवायची. घरी काय पाठवणार?

हप्ता थकला की खरी गोम कळते. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून सातबारा मोकळा राहतो असे आपण समजतो. पण कागदावर बाप सहकर्जदार असतो. पोराचा हप्ता चुकला की बापाचे सिबिल बिघडते आणि मृगाच्या तोंडावर पीककर्ज मागायला गेले की बँकवाला मान हलवतो. पीककर्जाला सिबिल पाहू नका, असे सरकार बैठकांमध्ये बजावते. बँकेच्या टेबलापर्यंत ते किती पोचते, हे वाचकांना सांगायला नको. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्याही शेतीकर्जापुरत्याच होत्या.

सरकारच्या योजना आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण ती हप्ता सुरू होईपर्यंतच. साडेचार लाखांच्या आतल्यांचे त्या काळातले पूर्ण व्याज सरकार भरते, तेही तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचे. निव्वळ एम.ए. करणारा त्यात बसत नाही. शिष्यवृत्तीच्या भरवशावर जावे, तर फेब्रुवारी 2018 आठवा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई-तुळजापूरच्या विद्यार्थ्यांना वर्ग बंद पाडावे लागले, कारण शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची वसतिगृह आणि जेवणाच्या शुल्काची सवलत काढून घेतली होती.

मग हे विषय आपल्या पोरांनी शिकूच नयेत काय? असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा बागायतवाले असतात. आम्हाला ते मान्य नाही. 1965 साली कृषी मूल्य आयोग झाला. तेव्हापासून आपल्या घामाची किंमत अर्थशास्त्र शिकलेली माणसेच ठरवत आली आहेत. तिथे ज्वारीच्या फडात राबलेल्या घरची पोर बसायला हवी. पण त्यासाठी बापाचे पीककर्ज गहाण पडू नये.

इतर देशांनी वाट काढली आहे. ऑस्ट्रेलियाने 1989 साली फीची वसुली कमाईला जोडली. इंग्लंडात 2023 पासून शिकायला लागलेल्यांना वर्षाला 25,000 पौंड ही मर्यादा ठरवली. त्यावरच्या कमाईतले नऊ टक्के कापतात. कमाई त्याखाली असेल तर हप्ताच नाही. चाळीस वर्षांनी उरलेले कर्ज मिटते. व्याज तिथेही चढते, मुले तिथेही कुरकुरतात. पण पोराला नोकरी नाही म्हणून बापाच्या दारात बँक येत नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तारखेवर नको, कमाईवर हवा. बापाला सहकर्जदार करणे बंद व्हावे. तोवर ज्या घरात असे कर्ज चालू आहे, त्यांनी बँकेचा मंजुरीचा कागद आणि खात्याचा उतारा बैठकीला घेऊन यावा. व्याज कसे लावले, हे तिथेच बसून तपासू.