परतीची गाडी आधी विचारा



दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या सासरची मंडळी चिपळूणहून आमच्याकडे यायची ठरली. विहीणबाईंचा फोन आला, "ताई, बुलढाण्याला कोणती ट्रेन येते हो?" मी म्हटलं, "कोणतीच नाही." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. जिल्ह्याचं ठिकाण आणि रेल्वे नाही!

पण खरंच नाही. मुंबई-नागपूर रेल्वे आपल्या जिल्ह्यातून जाते ती खालून, पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही तिची स्टेशनं. कापसाच्या बाजारासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत एक छोटा फाटा काढला, तो तिथेच थांबला. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा सगळा वरचा भाग रेल्वेविना राहिला. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आपल्या आजोबांनी केली, वडिलांनी केली, आता आपण करतोय.

म्हणून पाहुण्यांना सांगताना मी आता एवढंच सांगते : रेल्वे पायथ्यापर्यंत, पुढे एसटी. मुंबई, भुसावळकडून येणाऱ्यांनी मलकापूरला उतरावं. तिथून बुलढाणा पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. मोताळ्यानंतर राजूर घाट लागतो. लहान मुलांना वळणांचा त्रास होत असेल तर पुढची सीट धरावी आणि रिकाम्या पोटी किंवा भरपेट खाऊन बसू नये. नागपूर, अकोल्याकडून येणाऱ्यांना शेगाव किंवा खामगाव सोयीचं. ज्यांना फक्त लोणार आणि सिंदखेडराजा पाहायचंय, त्यांनी बुलढाण्याला न येता जालना स्टेशन गाठलं तरी चालतं. ते मनमाड-नांदेड मार्गावर आहे आणि डिसेंबर २०२३ पासून मुंबईहून वंदे भारतही तिथे येते.

तर मंडळी आली. दोन दिवस घरी गप्पा झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी लोणार ठरलं. आठ माणसं, त्यात तीन मुलं. मोठ्या हौसेने डबे भरले. डबे भरता भरता निघायलाच दहा वाजले. चिखली, मेहकर, मग लोणार, अशा गाड्या बदलत पोचायला दुपार झाली. अठराशे मीटर रुंदीचं ते विवर, आत गर्द झाडी आणि मधोमध खारं पाणी. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं असं सरोवर जगात विरळाच. आईन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे, आणि २०२० मध्ये त्याची नोंद रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाली. तरुण मंडळी खाली उतरली. आम्ही वरच चटई टाकली. जेवणं झाली, फोटो झाले. सगळं झालं. एकच गोष्ट कुणी केली नाही. उतरल्या उतरल्या स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर जाऊन "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" हे कुणी विचारलं नाही.

असरच्या सुमारास स्टँडवर आलो, तर आमच्या सोयीची गाडी निघून गेलेली. एक काळी-पिवळी मिळाली. तिच्यात आधीच दहा माणसं होती, त्यात आम्ही आठ. भाडं त्याने सांगितलं ते दिलं. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पाय लांबवायला जागा नव्हती. मेहकरला तासभर थांबलो, पुन्हा बदललो. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मुलं खांद्यावर झोपलेली. विहीणबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

दार अम्मींनी उघडलं. माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. या जिल्ह्यात पंचावन्न वर्षं काढलेली, पण लोणार पाहिलेलं नाही. आमचे अवतार पाहून म्हणाल्या, "म्हणूनच मी कधी हट्ट केला नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांच्यासाठी असतं ते."

ते वाक्य मला रात्रभर झोपू देईना. पंचावन्न वर्षं एक बाई असं समजून घरी बसली, आणि आमच्या त्या एका दिवसाने तिचं म्हणणं खरं करून दाखवलं. चूक गाडी नसण्याची नव्हती, आमच्या आखणीची होती. म्हणून जानेवारीत मी पुन्हा ठरवलं. या खेपेला फक्त तिघं : अम्मी, मी आणि माझा मुलगा.

आदल्या दिवशी मी स्वतः बुलढाणा स्टँडवर जाऊन वेळा लिहून आणल्या. जायच्या दोन आणि यायच्या दोन. फजरची नमाज पढून निघालो. सकाळी पहिल्या गाड्यांना गर्दी कमी असते. त्यात खेड्यात रात्री मुक्कामाला गेलेल्या गाड्याही पहाटे परत निघतात, त्यामुळे सकाळी जोडगाडी मिळायला फार वेळ लागत नाही. मेहकरपर्यंत एसटी. तिथे अम्मी थकलेल्या दिसल्या, म्हणून पुढच्या पंचवीसेक किलोमीटरपुरता एक ऑटो ठरवला. बुलढाण्याहून सबंध दिवसाची गाडी केली असती तर मोठा खर्च आला असता, एका टप्प्याचा खर्च झेपण्यासारखा होता. भाडं बसायच्या आधी ठरवलं, आणि त्यात थांबण्याचे पैसे धरले आहेत का, तेही विचारून घेतलं. ऑटो थेट विवराच्या काठापर्यंत गेला. अम्मींना एक पायरीसुद्धा उतरावी लागली नाही. खालची वाट चढ-उताराची आहे. वयस्कर माणसांनी काठावरूनच पाहावं, तिथून सगळं दिसतं.

अम्मी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं जवळ होतं हे?" आणि पदराने चष्मा पुसला.

जोहर तिथेच पढून आम्ही निघालो. मगरिबच्या अजानला घरी होतो.

आता खर्चाचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ हवं. अम्मींच्या हातात कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट ठेवलं, ते त्यांनी आधार कार्डाच्या पाकिटात जपून ठेवलंय. रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे ध्यानात ठेवून हिशेब करा. चार किंवा सात दिवस फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास विचारा. सगळं कुटुंबच निघालं असेल, चाळीस-पन्नास माणसं, तर लग्नाला करतो तशी प्रासंगिक कराराची एसटी करता येते.

समृद्धी महामार्गाबद्दलही दोन शब्द. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. तो आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागातूनच जातो. स्वतःची कार असेल तर वेळ खूप वाचतो. पण खासगी बसने येणार असाल तर ती नेमकी कुठे उतरवणार, हे तिकीट काढतानाच विचारा. महामार्गावरून खाली येण्याची ठिकाणं गावापासून दूर आहेत. रात्री दोन वाजता लेकराबाळांसह तिथे उभं राहणं बरं नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तेव्हापासून मी कोणत्याही बसमध्ये चढले की आधी संकटकाळी बाहेर पडायचं दार पाहते आणि शेजारच्या मुलांनाही दाखवते. तुम्हीही दाखवा.

गर्दीच्या दिवसांचंही भान हवं. होळीपासून सैलानी बाबांच्या दर्ग्याची यात्रा भरते, सगळ्या धर्मांची माणसं येतात. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजा फुलून जातं. या दिवसांत तिकडे जादा गाड्या सोडतात, पण परतताना सगळे एकाच वेळी निघतात. यात्रेला जायचंच असेल तर संदलच्या रात्री मुक्काम करून सकाळी निघा. नुसतं फिरायला यायचं असेल तर हे दिवस टाळा.

परवा विहीणबाईंचा फोन आला होता. उन्हाळ्यात पुन्हा येतो म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "परतीची गाडी किती वाजता असते, ते आधी सांगा हं." अम्मी शेजारीच बसल्या होत्या. माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी वेळ सांगितली. त्यांना पाठ आहे.

तुमच्या गावाजवळ पाहण्यासारखं काय आहे, तिथे स्वतःची गाडी नसलेल्या माणसाने कसं जायचं आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे मला जरूर लिहून कळवा. आणि घरात अशी कुणी अम्मी असेल, तर एकदा विचारून बघा, त्यांना कुठे जायचं राहून गेलंय.