विश्लेषण : मॉरिशस खरंच 'छोटा भारत' आहे का? तिथल्या नोटा, झेंडा आणि सुट्ट्या काय सांगतात?

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक हनिमूनचं पॅकेज आणि दुसरं 'छोटा भारत' हे बिरुद. १२ मार्च २०२५ रोजी मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला पंतप्रधान नरेंद्र मोदी प्रमुख पाहुणे होते. त्यांना त्या देशाचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला, तेव्हाही हे बिरुद पुन्हा चर्चेत आलं.

ते अगदीच चूक नाही. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि त्यातले साधारण दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत. चलनाचं नाव रुपया आहे. महाशिवरात्रीला लाखो लोक गंगा तलावाकडे चालत जातात.

पण मग उरलेल्या एक तृतीयांश लोकांचं काय? आणि भारतीय वंशाचे सगळे लोक स्वतःला एकाच गटातले मानतात का? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की एक वेगळाच देश दिसू लागतो. तिथली जवळपास प्रत्येक राष्ट्रीय खूण म्हणजे वेगवेगळ्या समाजांमध्ये झालेली तडजोड आहे. मॉरिशसला जायचा विचार असेल, तर समुद्रकिनाऱ्यांच्या यादीइतकीच ही तडजोडही समजून घ्यायला हवी.

माणसं आली कुठून?

या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच खलाशी इथे उतरले आणि त्यांनी आपल्या प्रिन्स मॉरिसचं नाव बेटाला दिलं. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं आणि आफ्रिका, मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकलं.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्यासाठी भारतातून करारावर माणसं आणायला १८३४ मध्येच सुरुवात झाली होती. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख मजूर या वाटेने आले. त्यात भोजपुरी पट्ट्यातले लोक सर्वाधिक होते. तमिळ, तेलुगू आणि कोकणातले मराठी लोकही होते. व्यापारासाठी गुजराती मुस्लिम आणि चिनी आले.

राजधानी पोर्ट लुईसमधला आप्रवासी घाट ही मजूर उतरायचे ती जागा. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या आजही पाहता येतात. २००६ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, नैर्ऋत्य टोकावरचा ल मॉर्न हा डोंगर त्याच यादीत आला. पळून गेलेले गुलाम या डोंगराच्या कड्याकपारींत लपून राहत.

एक जागा भारतीय मजुरांच्या आठवणीची, दुसरी आफ्रिकन गुलामांच्या. राष्ट्रीय सुट्ट्याही तशाच आहेत. १ फेब्रुवारी गुलामगिरीच्या अंताची आणि २ नोव्हेंबर करारबद्ध मजुरांच्या आगमनाची.

नोटांवर कोणाचे चेहरे आहेत?

मॉरिशसमध्ये उतरून पैसे बदलून घेतले की ही तडजोड थेट तुमच्या हातात येते. भारतात जवळपास प्रत्येक नोटेवर गांधीजी असतात. मॉरिशसमध्ये प्रत्येक नोटेवर वेगळा माणूस आहे आणि ही निवड सहज झालेली दिसत नाही.

२५ रुपयांवर चिनी वंशाचे जाँ आ-चुएन, ५० वर फ्रेंच वंशाचे मॉरिस पातुरो, १०० वर तमिळ वंशाचे रंगनाडेन सीनिवासेन, २०० वर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर हिंदू नेते सुखदेव विष्णुदयाल, १००० वर क्रिओल नेते गाएताँ दुवाल आणि २००० वर पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम.

यातलं दुवाल यांचं नाव विशेष आहे. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाचा ते मुख्य चेहरा होते. हिंदू बहुसंख्याकांच्या राजवटीत आपलं काय होईल, ही भीती त्या मतांमागे होती. सुमारे ४४ टक्के मतं त्या बाजूला पडली. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, पण त्याआधी जेमतेम दोन महिने पोर्ट लुईसमध्ये दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. ज्याने स्वातंत्र्य नको म्हटलं, तोच माणूस आज स्वतंत्र देशाच्या हजाराच्या नोटेवर आहे. हरलेल्या बाजूलाही देश आपला वाटावा, यासाठी मोजलेली ही किंमत आहे.

नोटांवरच्या ओळींचा क्रमही तितकाच नाजूक विषय आहे. पूर्वीपासून नोटेवर आधी इंग्रजी, मग तमिळ आणि मग देवनागरी असा क्रम होता. १९९८ च्या नव्या नोटांमध्ये देवनागरी ओळ तमिळच्या वर गेली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. आमचे पूर्वज फ्रेंच काळातच कारागीर म्हणून आले होते, मग आमची ओळ खाली का, असा त्यांचा सवाल होता. शेवटी नोटा मागे घेऊन जुना क्रम परत आणावा लागला.

म्हणजे वाद हिंदू विरुद्ध मुस्लिम किंवा भारतीय विरुद्ध आफ्रिकन असा नव्हता. तो भारतीय वंशाच्याच दोन गटांमधला होता. मॉरिशसच्या रोजच्या बोलण्यात 'हिंदू' म्हणजे बहुतेकदा भोजपुरी-हिंदी मुळाचे लोक. तमिळ, तेलुगू आणि मराठी लोक आपली ओळख वेगळी सांगतात.

झेंडा आणि डोडोचा अर्थ काय?

झेंड्यावर लाल, निळा, पिवळा आणि हिरवा असे चार आडवे पट्टे आहेत. सरकारी अर्थ सोपा आहे. लाल म्हणजे स्वातंत्र्याचा लढा, निळा म्हणजे हिंदी महासागर, पिवळा म्हणजे स्वातंत्र्याचा प्रकाश आणि हिरवा म्हणजे शेती व हिरवाई. पण हेच रंग त्या काळच्या राजकीय पक्षांचे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या समाजांचे आहेत, असाही अर्थ लोक लावतात.

राजचिन्हावर एका बाजूला डोडो आणि दुसऱ्या बाजूला सांबर आहे. त्याखालच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ 'हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली'. डोडो सतराव्या शतकातच नामशेष झाला. तो कोणत्याच समाजाचा नाही, म्हणून सगळ्यांचा होऊ शकला. टी-शर्टपासून किचेनपर्यंत तो सगळीकडे दिसतो.

लोक बोलतात कोणती भाषा?

अनेक भारतीय पर्यटक हिंदीत सुरुवात करतात. हिंदी चित्रपट तिथे लोकप्रिय आहेत, त्यामुळे काही ठिकाणी ते चालूनही जातं. पण बहुतेक घरांमध्ये बोलली जाते ती मॉरिशियन क्रिओल. फ्रेंच मालक आणि गुलाम यांच्या व्यवहारातून जन्मलेली ही भाषा आज आडनाव रामगुलाम असो, दुवाल असो की पवार, सगळ्यांची आहे.

तरीही राज्यघटनेनुसार संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे आणि सदस्य फ्रेंचमध्येही बोलू शकतात. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आहेत. क्रिओल प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती थेट २०१२ मध्ये. सगळ्यांना जोडणारी भाषा सगळ्यात खालच्या पायरीवर राहिली. 'की मान्येर?' म्हणजे 'कसं काय?' एवढं क्रिओल शिकून गेलात, तरी समोरचा माणूस खुलतो.

मराठी माणूस कुठे आहे?

सुट्ट्यांच्या यादीत. चिनी नववर्ष, तमिळांची कावडी, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, दिवाळी, ख्रिसमस अशी ही यादी आहे आणि त्यात गणेश चतुर्थीही आहे. ही सुट्टी मराठी समाजाच्या वाट्याची मानली जाते. संख्येने लहान असलेल्या या समाजाने गणपती आणि शाळेतला मराठी विषय टिकवून ठेवला आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं.

मात्र यातल्या बहुतेकांची घरातली भाषा आता क्रिओल आहे. त्यांना 'आपलेच' म्हणताना ते कित्येक पिढ्यांपासून मॉरिशियन आहेत, हे विसरून चालत नाही.

मग अडचण कुठे आहे?

प्रत्येकाला वाटा द्यायचा, तर आधी प्रत्येकावर शिक्का मारावा लागतो. घटनेत चार समाज आहेत. हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या'. पहिल्या तिघांत न बसणारे सगळे चौथ्यात. त्यामुळे गुलामांचे वंशज आणि गुलामांच्या मालकांचे वंशज कागदावर एकाच रकान्यात येतात.

निवडणुकीला उभं राहताना उमेदवाराला आपला समाज जाहीर करावा लागतो. निवडून आलेल्या ६२ जणांव्यतिरिक्त जास्तीत जास्त आठ जागा 'बेस्ट लूजर' पद्धतीने, म्हणजे हरलेल्यांतल्या चांगली मतं मिळवणाऱ्यांना, समाजांचा समतोल पाहून दिल्या जातात. त्याचा हिशोब आजही १९७२ च्या जनगणनेवर होतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. समाज सांगण्याची ही सक्ती नागरी हक्कांचा भंग करते, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये म्हटलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, मग नियम परत आला.

गंमत अशी की हीच पद्धत लोकशाहीला आधारही देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. पराभूत सत्ताधाऱ्यांचा आवाज संसदेत उरला तो 'बेस्ट लूजर'मुळेच.

आणि सगळ्यांना वाटा मिळालाय, असंही नाही. स्वातंत्र्यापासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांबाहेर गेलं ते एकदाच, २००३ ते २००५ मध्ये पॉल बेराँजे यांच्याकडे. क्रिओल समाजाची मागे पडल्याची भावना १९९९ मध्ये उफाळून आली. आफ्रिकी मुळाचं सेगा आणि रेगे एकत्र करून 'सेगे' हा प्रकार रुजवणारा गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगली झाल्या. तेच सेगा २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. २०१६ मध्ये भोजपुरी लग्नगीतांची परंपरा असलेलं गीत-गवईही तिथे पोहोचलं. एकाला दिलं की दुसऱ्यालाही, हे इथेही दिसतं.

चागोस बेटांचंही तसंच. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावरच्या लष्करी तळासाठी तिथल्या रहिवाशांना हुसकावलं. २२ मे २०२५ रोजी ती मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या. पण आम्हाला कोणी विचारलं का, असा अनेक चागोसवासीयांचा प्रश्न कायम आहे.

प्रवाशाने काय लक्षात ठेवावं?

गंगा तलाव पाहा, पण ल मॉर्नलाही जा. रस्त्यावर मिळणारी 'दोल पुरी' खा. ती डाळीची आहे, बिहारच्या डाळपुरीची नातलग, आणि ती विकत घेणाऱ्यांच्या रांगेत चारही रकान्यांतली माणसं उभी असतात. कोणाला 'तुम्ही मूळचे भारतातले ना?' असं विचारण्याआधी थोडं थांबा. उत्तर कदाचित 'हो' असेल. पण आपल्याला आनंद देणारा हा प्रश्न त्या देशात एक रकाना भरून घेतो आणि शेजारी उभ्या असलेल्या क्रिओल माणसाला रांगेबाहेर ठेवतो. मॉरिशस नावाची तडजोड टिकली आहे, ती तिथल्या लोकांनी ही रांग रोज सांभाळल्यामुळे.