वर्दी उतरल्यानंतर

वऱ्हाडाचा आणि सैनिकाच्या पगाराचा संबंध जुना आहे. हैदराबाद कंटिंजंट ही फौज चालवायचे इंग्रज आणि तिचा खर्च निजामाच्या माथी. तो खर्च थकत गेला आणि 21 मे 1853 च्या तहाने आपला हा काळ्या मातीचा प्रांत शिपायांच्या पगारापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये कबूल करून तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. परतवाड्याला याच फौजेची छावणी होती. वऱ्हाडातल्या कास्तकाराने भरलेल्या शेतसाऱ्यातून शिपायाची भाकर निघत होती आणि त्या हिशेबात कास्तकाराला कोणी विचारलेले नव्हते.

आज तोच कास्तकार आपला मुलगा फौजेत पाठवतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, चांदूर बाजार यांपैकी कुठल्याही रस्त्याने पहाटे जा, अंधारात धावणारी पोरे दिसतील. डोळ्यांपुढे नागपूरच्या भरती कार्यालयाची तारीख असते. अमरावतीला तर 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा आहे, अंगमेहनतीची लाज इथे कधी नव्हती. या धावण्यामागे देशप्रेम आहेच, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. पण घरची गोष्टही आहे. खारपाणपट्ट्यातले पाच-सात एकर कोरडवाहू, विहिरीला खारे पाणी, कपाशीवर बोंडअळी, सोयाबीनला भाव नाही. अशा घरात महिन्याच्या महिन्याला येणारा एक पगार आणि पुढे एक पेन्शन म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळते. ज्या घरात फौजेची पेन्शन होती, ती घरे वाईट सालांतही सहसा सावकाराच्या दारात गेली नाहीत. ही पेन्शन वऱ्हाडातल्या कित्येक कुटुंबांचा खरा पीकविमा ठरली.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आम्ही ठरवला तो वर्दी उतरल्यानंतरच्या माणसाचा. रणांगणावरच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. गावात परतलेला हवालदार, त्याची म्हातारी झालेली बायको आणि त्यांच्या हातातले कागद यांबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे.

आपल्याकडे दिवाळी येते ती कापूस वेचणीच्या तोंडावर. शेतात सीतादही होते, घरात फराळ होतो आणि याच सुमारास नोव्हेंबर लागतो. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने आपण जिवंत असल्याचे वर्षातून एकदा सिद्ध करायचे असते. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागे. 2014 पासून 'जीवन प्रमाण' आले, मग संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी 'स्पर्श' ही संगणकीय व्यवस्था आली आणि सगळी सूत्रे प्रयागराजच्या लेखा कार्यालयाकडे गेली. व्यवस्था वाईट नाही. पैसा थेट खात्यात येतो, मधले हात कमी झाले. पण ती ज्या माणसासाठी आहे त्याच्याकडे पाहून आखलेली नाही.

तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रावर आम्ही एका जवानाच्या विधवेला पाहिले. ऐंशीच्या आसपासचे वय. मशीनवर अंगठा ठेवला, लागला नाही. दुसरा ठेवला, तोही नाही. केंद्रावरच्या मुलाने ओले फडके आणून बोटे पुसली, पुन्हा ठेवली. आयुष्यभर निंदण-खुरपण आणि कापूस वेचून त्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. आजी शांतपणे म्हणाली, "मी जित्ती आहो ना बापू, तुह्यापुढं बसली आहो. मंग मशीनले काऊन दिसत नाई?" चेहरा दाखवून हयात नोंदवण्याची सोय 2021 च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेली आहे. ती त्या मुलाला ठाऊक नव्हती, आजीला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. सोय आहे आणि माहीत नाही, एवढ्या एका कारणाने पेन्शन थांबते.

अंगठ्याहून मोठे दुखणे नावाचे. डिस्चार्ज बुकात बायकोचे नाव माहेरचे, आधारवर सासरचे. एका कागदावर नावापुढे 'बाई', दुसऱ्यावर नाही. जन्मतारीख पलटणीच्या कारकुनाने अंदाजाने लिहिलेली, आधारवर 1 जानेवारी. जवान सुटीवर येऊन लग्न करून गेला आणि त्या लग्नाची नोंद करणारी पलटणीची पार्ट टू ऑर्डर वेळेवर निघाली नाही, तर त्या बाईचे बायकोपण सरकारदरबारी लागतच नाही. तो जिवंत आहे तोवर हे कोणी तपासत नाही. तो गेला की तेराव्यानंतर सगळे एकदम समोर येते. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, आणि फाईल निघते रेकॉर्ड ऑफिसला. महार रेजिमेंटचा असेल तर सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा असेल तर कामठीला. सागर कुठल्या दिशेला आहे हेही ज्या बाईला माहीत नाही, तिने तिथल्या टपालाची वाट पाहत महिने काढायचे.

इथे एका गोष्टीचे मनापासून कौतुक केले पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे सरकारी कचेऱ्यांतले सर्वांत कमी बोलले जाणारे कार्यालय असेल, पण या कागदांच्या जंगलातून बाईला बाहेर काढणारे तेच. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले, त्याच व्यवस्थेचा हा गावाकडचा शेवटचा दुवा. त्या युद्धात 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी राहिली होती आणि गरज संपताच काही वर्षांत मोडूनही टाकली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठपुरावा केला तेव्हा 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पलटण मोडली की माणसाचे काय होते, हे आपल्या भागातल्या कित्येक घरांनी तेव्हाच भोगले आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक नावाचे पद असते. बहुधा स्वतः माजी सैनिक. त्याने तालुक्याला जायचे, माजी सैनिकांना आणि विधवांना एकत्र बसवायचे, कागद पाहायचे, राहिलेले काम पुढे न्यायचे. माणसाची नोंद सरकारकडे आहे आणि ती नोंद हातात घेऊन सरकारचा माणूस दारापर्यंत येतो, ही कल्पनाच आपल्याकडे दुर्मीळ. संघटक थोडे, गावे फार, हे खरे. पण रचना योग्य आहे.

पैशाच्या बाजूबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. 1973 नंतर मोडलेली समान पेन्शन परत मिळवायला माजी सैनिकांना चार दशके भांडावे लागले. 2015 मध्ये 'वन रँक वन पेन्शन' जाहीर झाली आणि 1 जुलै 2014 पासून लागू धरली गेली. हे पेन्शनधारकांचे झाले. पंधरा वर्षे भरण्याआधीच घरी आलेल्यांना पेन्शनच नाही. पासष्टी ओलांडलेल्या अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजूंना केंद्रीय सैनिक बोर्ड दरमहा मदत देते. ती 4 हजार होती, 1 नोव्हेंबर 2025 पासून 8 हजार झाली. मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा 1 हजारावरून 2 हजार, मुलीच्या लग्नाची 50 हजारांवरून 1 लाख. वाढ चांगली आहे. पण हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. 1949 पासून दर 7 डिसेंबरला शाळकरी मुले, शिक्षक, तलाठी, कारकून यांच्याकडून जमा होणारा तो निधी. जनतेने द्यावा, आम्हीही देतो. तरी म्हाताऱ्या सैनिकाच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी अर्थसंकल्पाने घ्यायची असते, वर्गणीने नाही. ऋण मान्य असेल तर ते तिजोरीतून फेडले पाहिजे.

आणि त्याच गावात, त्या जवानाच्या शेजारी, दुसरे एक घर असते. त्या घरच्या माणसाने कर्जापायी जीव दिलेला असतो. 2006 च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात अमरावती होते, अकोला होते. त्याच वर्षी जानेवारीच्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबासाठी 1 लाखाची मदत आखून दिली. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. आधी 'पात्र' ठरायचे. सातबारा त्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का. नवऱ्याच्या मरणाची छाननी बाईने समितीपुढे सोसायची.

अपात्र ठरली तर उरते संजय गांधी निराधार योजना, महिन्याला दीड हजार. तिची अट कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असण्याची. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. आज वऱ्हाडात निंदणाला जाणारी बाईसुद्धा वर्षात याहून अधिक कमावते. हे तहसीलदाराला ठाऊक आहे, तलाठ्याला ठाऊक आहे, दाखला देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक आहे. तरी 'एकवीस हजाराचा दाखला' निघतो, कारण तो निघाला नाही तर बाई उपाशी राहील. गरिबाला खोटे बोलायला लावल्याशिवाय जी योजना त्याला काही देत नाही, तिची अट बदललीच पाहिजे. यात कोणत्याही पक्षाच्या सरकारचा अपवाद करता येत नाही.

जवानाच्या विधवेला निदान एक कार्यालय आहे, एक नोंदवही आहे, एक संघटक आहे. शेतकऱ्याच्या विधवेला यातले काहीही नाही. शेजारच्या दोन बायकांत सरकारने हा फरक का करावा? जवानाच्या घराला मिळते ते कमी करा, असे कोणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्या विरोधात उभे राहू. सैनिक कल्याणाची ही रचना घ्या, तीत माणसे भरा आणि प्रत्येक निराधार घरापर्यंत न्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. आपल्या भूमीला हे परके नाही. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते त्याच्यासाठी. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीत तपोवन उभारले आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना घर दिले, काम दिले. या दोघांच्या अंगणात वाढलेल्या आपण दाखल्यासाठी ताटकळणारी रांग मुकाट्याने पाहू नये.

प्रवास मात्र उलट दिशेने सुरू झाला आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, अखेर सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी, त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला. चारांतला एक कायम होणार, तिघे घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरत येतात. केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा दिल्या आहेत हे आम्ही जाणतो. पण सियाचीनवर ऑक्टोबर 2023 मध्ये कर्तव्य बजावताना जो पहिला अग्निवीर गेला, तो आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला, वऱ्हाडचा होता. त्याच्या कुटुंबाला विमा आणि सानुग्रह मदत मोठी मिळते, हे लष्कराने तेव्हाच स्पष्ट केले. पण इतर जवानाच्या घराला मिळणारी आयुष्यभराची पेन्शन योजनेच्या अटींतच नाही. बर्फात उभे राहताना दोघांना थंडी एकच वाजते. दर्जा एक असला पाहिजे. निदान जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत परतलेल्या प्रत्येक अग्निवीराचे नाव चढले पाहिजे, हे करायला फार पैसाही लागत नाही.

या अंकात माजी सैनिकांच्या घरांवर लेख आहेत, वीरपत्नींची मनोगते आहेत, निवृत्तीनंतर शेतीकडे वळलेल्या फौजींचे अनुभव आहेत. नेहमीच्या कथा-कवितांना आम्ही कात्री लावलेली नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गल्लीत, आपल्या गावात फौजेची पेन्शन घेणारे म्हातारे माणूस असेल तर नोव्हेंबर संपण्याआधी त्याला सोबत घेऊन केंद्रावर जा. अंगठा लागला नाही तर चेहऱ्याने नोंद होते, हे तिथे सांगा. घरात डिस्चार्ज बुक असेल तर आजच काढा. त्यातले बायकोचे नाव, मुलांची नावे, जन्मतारखा आधारशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तर तो जवान हयात आहे तोवरच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या. ग्रामपंचायत हद्दीत राहणाऱ्या माजी सैनिकाला आणि विधवेला एका घराचा कर माफ आहे, 2020 पासून. तरीही कोणी तो वसूल करत असेल तर ग्रामसेवकाला विचारा. आणि 7 डिसेंबरला शाळेतले पोर ध्वजाचे तिकीट घेऊन दारात आले तर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका.