विमानाची हकीकत दाखल्यासह सांगावी

रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनास आलेल्या कुटुंबातील मूल असो वा येथील एमआयडीसीत राबणाऱ्या कामगाराचे, आकाशात विमान दिसले की ‘हे पडत कसे नाही?’ असे ते विचारतेच. आणि या प्रश्नाला आपली बालपुस्तके व शाळांतील भाषणे जे उत्तर देतात, त्यात विज्ञान आणि इतिहास या दोन्ही बाजूंनी बिनदिक्कत चालत आलेल्या सैल विधानांची आता शहानिशा झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठण्यासाठी ती वेगाने धावते, असे सर्रास छापले जाते. वस्तुतः दोघींनी एकाच वेळी पोहोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. वरची हवा आधीच पुढे निघून जाते. किंचित वर तोंड करून जाणारा पंख भोवतीचा प्रवाह खाली वळवतो, त्या वळणात त्याच्या पाठीवरचा दाब घटतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा त्यास वर उचलते. कन्नी चुकली की पतंग वाऱ्याला योग्य कोनात सामोरा जात नाही व गिरक्या खात खाली येतो, हे तर माळावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. विल्बर राइटनेही १८९९ साली पंख पिळून तोल सावरण्याची आपली कल्पना प्रथम पाच फुटी पतंगावरच पारखली होती.

पुढे १९०१ च्या ग्लायडरने निराशा केली, तेव्हा प्रचलित कोष्टकांवर विसंबून न राहता राइट बंधूंनी सहा फुटी लाकडी पेटीचा वातबोगदा केला, त्यात पंखांचे सुमारे दोनशे नमुने मोजले आणि आकडे वहीत उतरवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंदांत त्यांचे विमान १२० फूट गेले, त्याचे छायाचित्र आहे, साक्षीदार आहेत.

१८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा मात्र आपण मुलांना निर्विवाद सत्य म्हणून सांगतो. तळपदे यांचा व्यासंग आदरणीयच आहे. परंतु त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन दाखला आजवर पुढे आलेला नाही, आणि या कथेच्या आधारासाठी पुढे केला जाणारा, प्राचीन म्हणून मिरवणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच काढला आहे. अभिमानच हवा, तर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरलेले जे. आर. डी. टाटा आहेत, आणि त्यांची नोंद दप्तरी आहे.

शिरूर व दौंड तालुक्यांतील मुख्याध्यापकांस माझी विनंती आहे की यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलपंखा, पुठ्ठ्याचा पंख आणि तराजू एवढेच मांडावे, पंखाचा कोन बदलत वजनातला फरक मुलांनाच वहीत लिहू द्यावा. आणि प्रकाशकांनी वरील दोन्ही मजकूर पुढील आवृत्तीत दुरुस्त करावेत.