शिधा आणि संतती

आपल्या घरात महिन्याला धान्य किती येते, ते किती ताटांत वाढावयाचे आणि शेवटी कोणाच्या ताटात नुसती पातेल्याची खरवड उरते, हा हिशेब घरातील बाईला तोंडपाठ असतो. परंतु मुले किती व्हावीत व केव्हा व्हावीत, हे ठरविताना तिलाच कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा व त्याच्या सोयी लोकांना करून द्याव्यात, असा ठराव आला. बाबासाहेबांचे भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी सभागृहापुढे ठेवले. मूल नको असेल त्या स्त्रीला गर्भधारणा टाळता आली पाहिजे व निर्णय सर्वस्वी तिच्या इच्छेवर सोपविला पाहिजे, असे त्यात प्रतिपादन होते. ठरावाच्या बाजूने ११ व विरुद्ध ५२ मते पडली. देशाचा सरकारी कार्यक्रम सुरू व्हावयास त्यानंतर १९५२ साल उजाडले.

'यांना मुलेच फार, म्हणून हे उपाशी,' असे म्हणणारे सद्गृहस्थ गावोगाव भेटतात. त्यांचे म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्याला जमीन नाही आणि मजुरी हंगामापुरतीच मिळते, त्याच्या घरी दोनच मुले असली तरी चूल थंड पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण १.७ पर्यंत उतरलेले दिसले. तरीही पाच वर्षांखालील शंभरांपैकी सुमारे ३५ मुलांची वाढ खुंटलेली आढळली. तेव्हा मुले कमी झाली म्हणजे ताट आपोआप भरते, हे खरे नव्हे. कुटुंबनियोजनाचा अन्नाशी संबंध आहे, पण तो संख्येइतकाच वेळेचाही आहे.

त्याच पाहणीत राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेली होती. अंगाने न भरलेली मुलगी सासरी जाते, लवकरच तिच्या मांडीवर मूल येते आणि ते अंगावर पीत असतानाच दुसऱ्याची चाहूल लागते. पहिल्या बाळंतपणात गेलेले रक्त भरून निघालेले नसते. थोरल्याचे दूध तुटते. विकतचे दूध परवडत नाही, मग त्याच्या हाती चहात बुडविलेले बिस्किट येते. शिवाय ऐन खुरपणीत आईला कामावर जाता येत नाही. खाणारे तोंड वाढते, त्याच महिन्यांत घरातील एक मजुरी बुडते. म्हणून एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी तांबी, निरोध, तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या ही साधने सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य देण्याची सोय आहे.

आता शिधापत्रिकेकडे पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य ठरविले. अंत्योदय कुटुंबाला मात्र घरात चार माणसे असोत की आठ, महिन्याला ३५ किलोच. चौघांत माणशी पावणेनऊ किलो येते, आठ जणांत साडेचार किलोही नाही. जे घर सर्वांत गरीब म्हणून निवडले, तेथेच वाढत्या कुटुंबाला ही झळ! हा नियम आम्हांस न्याय्य वाटत नाही व तो बदलून घेण्यासाठी झगडलेच पाहिजे. परंतु तो बदलेपर्यंत चुलीपाशी बसलेल्या बाईला वाटणी याच ३५ किलोंची करावयाची आहे.

कोणी म्हणेल, सरकारच्या हाती हा विषय दिला की सक्ती येते. ही शंका खोटी नाही. १९७६ साली, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीची सर्वाधिक झळ देशभर गरिबांनाच लागली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले होते, राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही. १९३८ च्या ठरावाने प्रचार व सोय मागितली होती, सक्ती नव्हे.

त्या धाकानंतर पुरुषांनी मात्र अंग काढून घेतले. उपरोक्त पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के ठिकाणी शस्त्रक्रिया स्त्रीने करून घेतलेली आहे. पुरुषाने करून घेतल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के! नसबंदीने अंगातील ताकद जाते, ही समजूत निराधार आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असून माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. पुढील तीन महिने दुसरे साधन वापरावयाचे व नंतर रुग्णालयात जाऊन वीर्य तपासून घ्यावयाचे, एवढेच त्याने पाळावयाचे असते.