न्हाणीघरातला आरसा आणि मिस्त्रींची मजुरी

कापडाच्या दुकानात आरशाचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक कापड खांद्यावर टाकून आरशात पाहते आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. आज मात्र आम्ही लिहीत आहोत ते घरातल्या न्हाणीघरातील साध्या आरशाबद्दल, आणि त्या निमित्ताने आमच्याच एका चुकीबद्दल.

आमच्या घरी १८ बाय २४ इंचांचा बिनचौकटीचा आरसा आहे. काच शाबूत, पण कडा काळ्या पडलेल्या. आरशाच्या पाठीमागे चांदीचा पातळ थर असतो व त्यावर रंग. कडेने ओल आत शिरली की चांदी खराब होते आणि डाग आत सरकत जातो. घरच्यांनी नवा आरसा आणायला सांगितले. बाजारात तयार चौकटीच्या आरशाचे २,२०० रुपये सांगितले. चौकट लाकडी दिसत होती, पण होती भुशाच्या दाबलेल्या फळीची. पाणी लागले की अशी फळी सांध्यात फुगते.

म्हणून मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आरसा पाहून सांगितले, "शेठ, डाग अर्ध्या इंचाच्या आत आहे. चौकटीखाली झाकला जाईल. सागाचे तुकडे माझ्याकडे पडून आहेत. सामान २०० रुपये, मजुरी ३५०." आम्ही सवयीने म्हणालो, "मजुरी २५० करा." मिस्त्रींनी टेप गुंडाळली. "तुमच्या दुकानात मीटरमागे ५ रुपये कमी मागितले तर तुम्ही एकच भावाच्या पाटीकडे बोट दाखवता. माझ्या हाताला भाव नाही का?" एवढे बोलून ते निघून गेले.

उर्दू शाळेत आम्हाला कारागिराला हुनरमंद म्हणायला शिकवले होते. गादीवर बसल्यावर आम्ही ते विसरलो. दोन दिवसांनी आम्हीच त्यांच्या कारखान्यात गेलो, ३५० रुपये मान्य केले आणि काम होईपर्यंत तिथेच बसलो.

त्या दोन तासांत जे पाहिले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. आरशाचा घेर ७ फूट. आम्ही तेवढीच पट्टी घेतली असती. पण २ इंच रुंदीची पट्टी काचेवर अर्धा इंच चढवली तर बाहेरची मापे २१ व २७ इंच होतात, म्हणजे ८ फूट पट्टी. कापात जाणारे धरून ९ फूट घ्यावी. शिलाईत जाणारे कापड धरल्याशिवाय आपण तरी कुठे कापड फाडतो? कोपरे ४५ अंशांत कापून गुण्या लावून तपासले. पट्टीच्या मागच्या बाजूला काच बसेल अशी खाच केली आणि खाचेलाही पॉलिश दिले. कारण पट्टीची आतली बाजू आरशात दिसते. कच्ची राहिली तर कायम डोळ्यांत खुपते. सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन त्यांनी वापरले नाही. त्यातील आम्लाने चांदी खराब होते. काच ४ मिलिमीटरची असेल तर या मापाला तिचे वजनच पावणेतीन किलो भरते, म्हणून चौकट भिंतीत गुल्ली ठोकून स्क्रूवर टांगली. पाठीमागे लहान ठोकळे ठेवून हवेला जागा सोडली. सारा खर्च ५५० रुपये.

आमचे मत असे की यात चूक दोन्हीकडे होते. आपण व्यापारी तयार मालाची छापील किंमत मुकाट देतो आणि समोर घाम गाळणाऱ्याची मजुरी कापतो. आरसा एकदाच घ्यायचा असतो, मिस्त्री मात्र मोहल्ल्यात पुन्हा पुन्हा लागतो. त्याने असल्या कामांना कंटाळून धंदा सोडला, तर दाराची कडी बसवायलाही माणूस मिळणार नाही.

कारागीर बंधूंनाही आमची विनंती आहे. लहान काम म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नका. आम्ही कटपीस कधी फेकत नाही. गठ्ठा बांधून विकतो. तुमच्या कारखान्यातले सागाचे तुकडे हे तुमचे कटपीस आहेत. दोन-तीन नेहमीच्या मापांची मजुरी पाटीवर लिहा आणि एक चौकट नमुना म्हणून दारात टांगा. भाव लिहिलेला असला की घासाघीस करणाऱ्याची जीभ आपोआप अडते. हे आम्ही दुकानदार अनुभवाने सांगतो.

आणि आमच्या व्यापारी मित्रांनो, मजुरी आधी विचारा. पटली तर काम द्या, नाही पटली तर सलाम करून पुढे जा. काम झाल्यावर मात्र ठरलेली रक्कम पूर्ण आणि त्याच दिवशी हातावर ठेवा.