लेकीला सर्जन व्हायचंय!

मैत्रिणींनो, सोलापूरच्या एका भगिनीच्या पत्राला या आठवड्यात उत्तर देत आहे. त्या लिहितात :

‘माझी मुलगी एमबीबीएस झाली. तिला सर्जनच व्हायचंय. नीट-पीजीत ती पात्र ठरली, पण क्रमांक बराच मागचा आला. सासूबाई म्हणतात, मिळेल ती शाखा घे, बाईमाणसाला कापाकापी कशाला? अमेरिकेतले दीर म्हणतात, मुलाखतीत छाप पडली की जागा मिळते. मी तिला काय सांगू?’

ताई, आधी दीरांच्या म्हणण्याचं पाहू. अमेरिकेत मुलाखत असते हे खरं. पण तिचं बोलावणं यायलाही गुण लागतातच! तिथल्या पहिल्या परीक्षेचा निकाल २०२२ पासून नुसता पास-नापास लागतो, त्यामुळे दुसरीच्या गुणांचं वजन वाढलं. आपल्याकडे मात्र मुलाखतच नाही. २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. त्यावर क्रमांक लागतो आणि क्रमांकाप्रमाणे जागा मिळते. तेव्हा ओळखीपाळखी काढू नका. ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच ठेवा.

दुसरं, ‘पात्र’ या शब्दावर विसंबू नका. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत. अर्धे परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, एवढंच. २०२३ साली खुल्या गटाची ही रेषा ८०० पैकी २९१ गुणांवर होती आणि पुढे ती शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायला मिळणं. सर्जरीसाठी रांगेत पुढेच असावं लागतं.

आता करायचं काय? शासकीय महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा देशपातळीवर भरतात, निम्म्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. दोन्हीकडे नाव नोंदवू द्या. डीएनबीच्या जागाही याच परीक्षेवर मिळतात. पसंतीची यादी तिच्याच आवडीच्या क्रमाने भरू द्या. घराजवळचं म्हणून आपलं वैशंपायन महाविद्यालय वर, लांबचं खाली, असा आग्रह नको. आणि जी शाखा नकोच, ती यादीत घालू नये. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत बुडू शकते.

सर्जरी नाहीच मिळाली तर तिला निवांत विचारा, ‘तुला नेमकं काय आवडतं?’ शस्त्रक्रिया आवडत असेल तर ती स्त्रीरोग, नेत्र, कान-नाक-घसा या शाखांतही असतेच. पण जनरल सर्जरीच हवी असेल, तर एक वर्ष पुन्हा परीक्षेला द्यावं. त्या वर्षात पाहुणेरावळे आणि स्थळं यांपासून तिला तुम्हीच सोडवायचं! स्थळ आलंच, तर तीन वर्षं रात्रपाळ्या असतील हे आधीच स्पष्ट सांगा.

सासूबाईंना एवढंच म्हणा, ‘जी डॉक्टर होऊ शकली, तिचा हात सुरीला कशाला कापेल?’ निर्णय तिचा ती घेईल. तुम्ही पाठीशी राहा. आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.